हेअर स्पाची वाफ : पार्लर नवीन सुरू केलेल्यांसाठी स्टीमर वापरायची पद्धत

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी विचारते, हेअर स्पाला, म्हणजे केसांना क्रीम लावून वाफ देतो तेव्हा, वाफ किती मिनिटं द्यायची? सगळ्या एका सुरात सांगतात, वीस मिनिटं. क्लासच्या वहीत तसं उतरवून घेतलेलं असतं नाहीतर स्टीमरच्या टायमरवर तिथे खूण असते. मग मी त्यांना दोन क्लायंटच्या केसांना हात लावायला सांगते, एकीचे कधीच कलर न लावलेले, जाड, काळेभोर, आणि दुसरीचे दोनदा रिबॉन्डिंग झालेले, म्हणजे केमिकलने सरळ केलेले, टोकाला तांबूस पडलेले आणि ओले केले की शेवयांसारखे मऊ पडणारे. या दोघींना सारखीच वीस मिनिटं दिली तर पहिलीला बरं वाटेल आणि दुसरीचे केस विंचरताना तुटून कंगव्यात येतील. मिनिटं केस बघून ठरतात, टायमर बघून नाही, आणि हे एकदा हाताला कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी वाफ नेमकं काय करते ते बघू, कारण ते माहीत नसलं की माणूस फक्त बटण दाबतो. केसाच्या बाहेरून कौलांसारखे एकावर एक चढलेले बारीक खवले असतात, त्याला क्युटिकल म्हणतात, आणि आत कॉर्टेक्स असतो, केसाची सगळी ताकद तिथे असते. केस पाणी पितो, आपल्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांपर्यंत पाणी तो धरून ठेवू शकतो, आणि पाणी प्यायला की फुगतो, फुगला की हे खवले जरासे उचलतात आणि क्रीममधले बारीक घटक आत सरकायला वाट मिळते. ऊब मिळाली की क्रीम पातळ होऊन केसाच्या लांबीवर नीट पसरतं. वाफ एवढंच करते, ऊब आणि ओलावा एकाच वेळी देते. गरम हवेचा ड्रायर फक्त ऊब देतो आणि ओलावा उडवून नेतो, म्हणून स्पाचं क्रीम लावून हुड ड्रायरखाली बसवलं की क्रीम कडेने वाळून पापुद्र्यासारखं चिकटतं. गरम टॉवेलमध्ये दोन्ही मिळतं पण तो तीन-चार मिनिटांत गार होतो, सारखा बदलत बसावा लागतो.

आणि हेही लक्षात ठेवा की ओला, फुगलेला केस कोरड्या केसापेक्षा कमजोर असतो. वाफेखालून निघालेला केस म्हणजे सगळ्यात नाजूक अवस्थेतला केस, त्या वेळी बारीक दातांचा कंगवा खसाखस फिरवला तर केलेली सगळी मेहनत त्या दोन मिनिटांत जाते.

स्टीमर आणि पाणी

पार्लरमध्ये बहुतेक चाकांच्या स्टँडवरचा हुडवाला स्टीमर असतो, खाली किंवा मागे पाण्याची टाकी नाहीतर काचेचा जार, आत कॉइल, आणि वर प्लास्टिकचा हुड ज्याच्या आतल्या कडेने छोट्या भोकांतून वाफ येते. हातात धरायचे मिस्टवालेही मिळतात, त्यातले काही पाणी न तापवता नुसता बारीक फवारा करतात, तो गार असतो, त्याने केस ओला होतो पण ऊब मिळत नाही. घेताना हे विचारून घ्या, नाहीतर स्पाच्या नावाखाली क्लायंटच्या डोक्यावर नुसतं दव पडत राहतं.

पाण्याकडे बहुतेकींचं लक्षच नसतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या भागात गिझरच्या कॉइलवर पांढरा कडक थर कसा जमतो ते सगळ्यांनी बघितलंय, तोच थर स्टीमरच्या कॉइलवर जमतो, मग पाणी तापायला वेळ लागतो, वाफ तुटक तुटक येते आणि हुडाची भोकं बुजतात. म्हणून टाकीत आरओचं पाणी नाहीतर डिस्टिल्ड वॉटर, पण आधी मशीनबरोबर आलेली पुस्तिका वाचा, काही मशीनमध्ये कुठलं पाणी चालतं ते स्पष्ट लिहिलेलं असतं. एसीमधून गळणारं पाणी बाटलीत साठवून वापरणाऱ्या पण मी बघितल्यात, ते दिसायला स्वच्छ असतं पण कॉइलवरची धूळ आणि जंतू घेऊन आलेलं असतं, ते नको.

पाणी मॅक्सच्या रेषेच्या वर एक थेंबही भरायचं नाही. हे मी इतकं ठासून का सांगते त्याला कारण आहे. माझं पार्लर सुरू होऊन दोन महिने झाले असतील, घाईत मी टाकी काठोकाठ भरली, क्लायंटला खाली बसवलं आणि मग मशीन चालू केलं. पाणी उकळायला लागल्यावर वाफेबरोबर उकळत्या पाण्याचे थेंब उडाले आणि त्या ताईंच्या मानेवर पडले, दोन ठिकाणी लाल चट्टे उठले. त्या समजूतदार होत्या म्हणून निभावलं, पण त्या दिवशीचा त्यांचा आवाज मला अजून आठवतो. तेव्हापासून नियम केला, आधी मशीन चालू करायचं, हुड भिंतीकडे फिरवून ठेवायचा, पाच-सात मिनिटं वाफ एकसारखी येऊ द्यायची, सुरुवातीचे थेंब तिथेच पडू द्यायचे, मगच क्लायंट खाली. वाफेचा चटका साध्या गरम हवेपेक्षा जास्त बसतो कारण वाफ कातडीवर आली की तिचं पाणी होतं आणि पाणी होताना ती आपल्यातली साठवलेली सगळी उष्णता तिथेच सोडते.

टाकीत लव्हेंडर किंवा टी ट्री ऑइलचे थेंब टाकायचा मोह होतो, वास छान येतो म्हणून. टाकू नका. तेल कॉइलवर जळतं, प्लास्टिकचे भाग खराब करतं आणि दम्याच्या माणसाला त्या वाफेचा त्रास होऊ शकतो. सुगंध हवा असेल तर खोलीत वेगळा डिफ्यूझर ठेवा.

विजेचं थोडक्यात सांगते. पाणी आणि करंट एकत्र आहे, त्यामुळे थ्री-पिन प्लग, अर्थिंग तपासलेलं, आणि पार्लरच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड बेसिनजवळच्या ओल्या फरशीवर कधीच नको.

कोणाला वाफ द्यायची नाही

क्लायंट खुर्चीत बसली की लगेच शॅम्पूकडे जाऊ नका, पाच मिनिटं बोला. डोक्याला जखम, पुळ्या, नायटा, सोरायसिस, नुकतंच उन्हाने भाजलेलं डोकं, उवा, यातलं काही असेल तर वाफ नाही. बीपीचा त्रास, दमा, मायग्रेन असेल तर आधी विचारायचं की गरम वाफेत बसल्यावर कसं वाटतं, आणि शंका असेल तर सरळ गरम टॉवेलवर काम भागवायचं. गरोदर बाईंना मी स्टीमरखाली बसवत नाही, त्या स्वतः हो म्हणाल्या तरी, कारण घुसमटल्यासारखं होऊन चक्कर आली तर ती जबाबदारी मला घ्यायची नाही.

केसांच्या बाबतीत, कलर कधी केला ते विचारा. वाफेने केस फुगतो आणि रंगाचे कण सुटून बाहेर पडतात, विशेषतः निळा, जांभळा, लाल असे फॅशन कलर तर टॉवेलवरच उतरतात. मी कलर केल्यानंतर निदान आठवडाभर थांबते. रिबॉन्डिंग, स्मूदनिंग, केराटिन केलेलं असेल तर ज्यांनी केलं त्यांनी सांगितलेले दिवस पाळायचेच. डोक्यावर कलर, ब्लीच किंवा स्मूदनिंगचं क्रीम असताना स्टीमर लावायचाच नाही, कंपनीने लेबलवर तसं लिहिलं असेल तरच. ब्लीचचा वेग ऊबेने वाढतो आणि तो मग आपल्या हातात राहत नाही, आणि काही स्मूदनिंग क्रीममधून तापल्यावर फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू निघतो, तो क्लायंटच्या आणि तुमच्या दोघींच्या डोळ्याला, नाकाला, घशाला झोंबतो. टेप किंवा गोंदवाले एक्स्टेन्शन असतील तर तेही सुटतात.

आता केस ओळखायला शिका

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. कोरड्या, स्वच्छ केसांची एक बट घ्या आणि स्प्रे बॉटलने त्यावर पाण्याचा हलका फवारा मारा. पाणी मोत्यांसारखं वर बसून राहिलं तर खवले घट्ट बंद आहेत, असा केस क्रीम आत घ्यायला नाखूष असतो, आणि वाफेचा खरा फायदा याच केसाला होतो. पाणी बघता बघता जिरलं तर खवले आधीच उघडे, तुटलेले आहेत, आत जाणं सोपं आहे पण आत टिकणं अवघड, तिथे जास्त वाफ म्हणजे आणखी फुगवणं. पाण्याच्या ग्लासात केस टाकून तो तरंगतो की बुडतो हे बघायची युक्ती मोबाईलवर फार फिरते, पण केसाला तेल किंवा सीरम लागलेलं असेल तर तो तसाही तरंगतो, म्हणून त्यावर विसंबू नका.

दुसरी तपासणी शॅम्पू झाल्यावर. एक ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणा. थोडा ताणून परत जागेवर आला तर केस ठीक आहे. लगेच तटकन तुटला तर कोरडा, कडक आहे, त्याला ओलावा हवा, वाफ उपयोगी पडेल. आणि च्युइंगगमसारखा ताणतच गेला आणि परत आलाच नाही, तर आतली रचना ढासळलेली आहे, तिथे वाफ अजिबात नको, प्रोटीनचं ट्रीटमेंट थोड्या प्रमाणात करा आणि टोकं कापायचा सल्ला द्या. क्लायंट रुसते, पण खरं सांगा. फाटलेलं टोक कुठल्याही क्रीमने किंवा वाफेने जुळत नाही, क्रीम त्याला तात्पुरतं चिकटवून ठेवतं एवढंच.

आता माझी मिनिटं, सुरुवात म्हणून धरा. कधीच काही न केलेल्या, घट्ट खवल्यांच्या जाड केसांना 15, फार तर 20. साध्या, थोड्या कोरड्या केसांना 10 ते 12. कुरळ्या केसांना साधारण 15, कारण डोक्यावरचं नैसर्गिक तेल वळणावळणांतून टोकापर्यंत पोचत नाही आणि ते तहानलेलेच असतात. कलर झालेले, रिबॉन्डिंग झालेले 7 ते 8. ब्लीच झालेले 5, आणि तेही डोळ्यासमोर. मेंदी वर्षानुवर्षं लावलेले केस वरून जाड वाटतात पण हाताला खरखरीत लागतात, त्यांना 10 पासून सुरू करा आणि बघत बघत वाढवा.

खरं काम, एकापाठोपाठ एक

शॅम्पू दोनदा, पहिल्या वेळी डोक्याची धूळ आणि तेल, दुसऱ्या वेळी केसाची लांबी. केसावर तेल, सीरम किंवा सिलिकॉनचा थर राहिला तर वाफ बाहेरच्या थरालाच गरम करत बसते. खूप थर असेल तर डीप क्लीन्झिंग शॅम्पू एकदाच. तेल लावून आलेल्या क्लायंट खूप असतात आपल्याकडे, त्यांना परत पाठवायची गरज नाही, खोबरेल तेल धुण्याआधी लावलं की केसातलं प्रोटीन कमी निघून जातं हे मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी 2003 साली छापलेल्या अभ्यासात दाखवलंय, सूर्यफुलाच्या तेलाला आणि मिनरल ऑइलला तो गुण तसा नव्हता. आपल्या आज्या रात्री तेल चोपडून सकाळी न्हायच्या ते वाया नव्हतं. फक्त शॅम्पूने तेल पूर्ण निघालंय याची खात्री करा.

टॉवेलने केस दाबून टिपा, चोळू नका. केस चिंब ओला असेल तर क्रीम पातळ होऊन घसरतं, अगदी कोरडा असेल तर पसरत नाही, दाबल्यावर पाणी टपकणार नाही इतका दमट हवा. बाऊलमध्ये क्रीम काढा, खांद्यापर्यंतच्या केसांना मोठा चमचाभर दीड चमचा पुरतं, डबा ओतायची गरज नसते. टेल कोंबने, म्हणजे लांब टोकदार दांडीच्या कंगव्याने, चार भाग पाडा, मागून मानेकडून सुरुवात करा आणि पातळ पातळ बटा घेऊन ब्रशने लावत वर या. टोकाकडे जास्त, मुळाकडे कमी. तेलकट डोकं किंवा कोंडा असेल तर मुळापासून दोन बोटं सोडून द्या आणि डोक्याला वेगळं, लेबलवर त्यासाठीच असलेलं क्रीमच लावा. मग रुंद दातांच्या कंगव्याने खालून वर सोडवत या म्हणजे क्रीम सगळीकडे पोचेल. मसाज बोटांच्या पोटांनी, नखांनी नाही, दहा मिनिटं पुरते, मान आणि खांद्यांना थोडा हात लावा, क्लायंटला खरं सुख तिथेच मिळतं.

केस वर घेऊन सैल गोळा करा, घट्ट अंबाडा घातला तर आतल्या बटांना वाफच लागत नाही. प्लास्टिकची शॉवर कॅप घालून वर स्टीमर लावणाऱ्या खूप जणी आहेत, मग वाफेचा ओलावा कॅपवरच थांबतो, नुसती ऊब पोचते, म्हणजे स्टीमर असून नसल्यासारखा. कॅप काढा. कपाळाच्या कडेने, कानावर आणि मानेवर कापसाची लांब पट्टी फिरवा, ओघळणारं पाणी ती शोषून घेते. गळ्याशी टॉवेल, त्यावर अ‍ॅप्रन. कानातले, चष्मा, केसातल्या धातूच्या पिना, कानात मशीन लावत असतील तर तेही, सगळं आधीच काढून एका वाटीत ठेवा, धातू तापला की चटका बसतो.

हुडाची पुढची कड केसांच्या रेषेवर येईल अशी उंची ठेवा, चेहरा बाहेर मोकळा राहिला पाहिजे. हुड डोक्याला टेकू देऊ नका, सगळीकडून चार बोटं अंतर. एसीचा झोत थेट हुडावर येत असेल तर तो फिरवा, नाहीतर वाफ गार पडून डोक्यावर पाणी टपकायला लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या मिनिटातच विचारा, ताई ऊब सहन होतेय ना, आणि दर तीन-चार मिनिटांनी परत विचारा. कोपऱ्यात बसवून दुसऱ्या क्लायंटच्या थ्रेडिंगला निघून जाऊ नका, काही बायका लाजतात, भाजतंय तरी गप्प बसतात.

मध्येच हुड वर करून एक बट बोटांत घ्या. क्रीम अजून पांढरं, जाड वर बसलेलं असेल तर वेळ आहे. बट गुळगुळीत, मऊ, लोंबल्यासारखी झाली आणि क्रीम विरघळल्यासारखं पातळ दिसतंय तर झालं, टायमरवर पाच मिनिटं उरली असली तरी बंद करा. टोकांवरून दुधाळ पाणी टपकत असेल तर क्रीम वाहून चाललंय, ताबडतोब बंद. चेहरा लालबुंद, घाम, मळमळ, छातीत धडधड असं काही म्हणाल्या तर हुड बाजूला, पाणी प्यायला द्या, मोकळ्या हवेत बसवा. चटका बसलाच तर त्या जागेवर वाहतं साधं पाणी 20 मिनिटं सोडत राहायचं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, आणि फोड आला तर डॉक्टरकडे.

वाफ बंद झाल्यावर लगेच बेसिनकडे नेऊ नका. पाच मिनिटं तसंच बसू द्या, केस गार होऊ दे, त्या वेळात क्रीम केसाला धरतं. मग कोमट पाण्याने, शेवटी साध्या गार पाण्याने धुवा, शॅम्पू परत नाही. गार पाण्याने केसांची छिद्रं बंद होतात असं आपण क्लायंटला सांगतो, तसं काही नसतं. खवले परत नीट बसतात ते मुख्यतः क्रीमच्या आम्लपणामुळे आणि त्यातल्या केसाला चिकटणाऱ्या घटकांमुळे, हे घटक जिथे केस जास्त खराब तिथे जास्त चिकटतात. गार पाणी वापरा कारण डोक्याला बरं वाटतं आणि उरलेली ऊब निघून जाते. हाताला केस निसरडा लागतोय पण चिकट नाही, इथे थांबा.

टॉवेलने दाबून घ्या, दोन-तीन थेंब सीरम टोकांना, आणि ड्रायर असेल तर मध्यम तापमानावर, लांबून. इतकं ओलावून घेतलेल्या केसावर लगेच कडक तापलेली इस्त्री फिरवायची नाही, आतलं पाणी उकळून केस आतून फुटतो.

किती दिवसांनी आणि मशीनची निगा

कोरड्या केसांना पंधरा दिवसांनी, बाकीच्यांना महिन्यातून एकदा. दर आठवड्याला या असं सांगणारे धंदा बघतात. सारखं सारखं फुगणं आणि वाळणं यानेही केस थकतो आणि ठिसूळ होतो, विशेषतः आधीच खराब झालेला. एक वही करा, प्रत्येक क्लायंटचं पान, त्यात तारीख, केसाचा प्रकार, कुठलं क्रीम, किती मिनिटं आणि पुढच्या वेळी आल्यावर त्या काय म्हणाल्या. सहा महिन्यांत ही वही तुम्हाला कुठल्याही क्लासपेक्षा जास्त शिकवेल.

रोज संध्याकाळी प्लग काढून, मशीन पूर्ण गार झाल्यावर टाकी रिकामी करायची आणि उघडी ठेवून वाळवायची. साचलेल्या पाण्यात बुळबुळीत थर धरतो, आणि गार मिस्टवाल्या मशीनमध्ये तर ते पाणी उकळतच नाही, तेच थेंब क्लायंटच्या नाकातोंडात जातात. हुड आतून प्रत्येक क्लायंटनंतर पुसा, क्रीमचे शिंतोडे वाळले की भोकं बंद होतात. महिन्यातून एकदा, कडक पाण्याच्या भागात पंधरा दिवसांनी, लिटरभर पाण्यात एक-दोन चमचे लिंबूसत्त्व घालून टाकीत अर्धा तास ठेवा, पांढरा थर सुटून येतो, मग दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवून एकदा नुसत्या पाण्याची वाफ भिंतीकडे सोडून द्या. लिंबूसत्त्व किराणा दुकानात मिळतं, महाग नसतं. सुरी किंवा तारेच्या चोथ्याने कॉइल खरवडू नका.

आणि पहिले आठ-दहा स्पा घरच्यांवर करा, बहिणीवर, जावेवर, शेजारच्या काकूंवर, जितके वेगवेगळे केस मिळतील तितके. एका बाजूला दहा मिनिटं, दुसऱ्या बाजूला पंधरा, असं करून वाळल्यावर दोन्हीकडे हात फिरवून बघा, आणि जे हाताला लागलं ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.